शातोत लिफ्ट कुठून येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधल्या शातोत, म्हणजे जुन्या सरदारी वाड्यात, राहून आलेल्या एका वाचकाची तक्रार आपल्या पर्यटन पुरवणीत वाचली. लिफ्ट नाही, एसी नाही, रात्री उशिरा जेवण नाही, आणि पैसे मात्र राजवाड्याचे! माझा जन्म इमारती बांधण्यात गेला. गेल्या उन्हाळ्यात सोम्यूरजवळच्या अशाच एका शातोत आम्ही उभयतांनी मुक्काम केला, म्हणून हे पत्र.

तिकडची जुनी बांधकामं तुफो नावाच्या पांढऱ्या चुनखडीची आहेत. दगड इतका मऊ, की खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं तर पिठासारखी भुकटी हाताला लागायची. नाजूक नक्षी त्यामुळेच साधली, पण तो पाणीही तसंच पितो. पूर्वी कुणीतरी सिमेंटने डागडुजी केलेली एक भिंत मालकीणबाईंनी मला मुद्दाम दाखवली. सिमेंटने ओल कोंडली होती आणि भोवतालचा दगड पापुद्र्यांनी सुटत होता. गवंडी ते सिमेंट खरवडून दगडांमधल्या फटी चुन्याने भरत होता. अशा भिंतीलगत लिफ्टसाठी खोदकाम करायला मी तरी धजलो नसतो. शिवाय 1913 च्या कायद्याखाली संरक्षित झालेल्या वास्तूत खुद्द मालकालाही सरकारी परवानगीशिवाय बदल करता येत नाही. छपराचं दुखणं वेगळंच. त्यावर स्लेट, म्हणजे पाटीच्या दगडाच्या फरश्या असतात. आंजे शहराजवळच्या स्लेटच्या खाणी 2013 मध्ये बंद पडल्या. आता बरीचशी स्लेट स्पेनमधून येते.

जेवणाचं म्हणाल, तर घरमालक स्वतः राहून चालवतात त्या ‘शांब्र दोत’ला फार तर 5 खोल्या आणि 15 पाहुणे ठेवता येतात. न्याहारी भाड्यात धरलेली असते. रात्रीचं जेवण हवं असेल तर आधी सांगावं लागतं. आम्ही शाकाहारी असल्याचं कळवून ठेवलं होतं. अळंब्यांचा सुरेख बेत झाला, आणि त्या अळंब्या तुफोच्या जुन्या खाणींत वाढवलेल्या होत्या! याउलट अत्तरवाले फ्रांस्वा कोती यांनी विसाव्या शतकात उभारलेलं मोंबाझों गावचं ‘शातो दार्तिन्यी’ घ्या. ते रीतसर मोठं हॉटेल आहे. आमच्या एजंटाच्या पत्रकात दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली छापले होते. ग्राहकाचा घोटाळा होतो तो इथे.

उकाड्याबद्दल मात्र त्या वाचकांशी मी सहमत आहे. जाड भिंती आणि दिवसा मिटलेल्या झडपांमुळे खालचे मजले गार राहतात, पण स्लेटखालची पोटमाळ्याची खोली जुलैत भाजून काढते. ती घेऊच नये.

पुरवणीत अशा ठिकाणांची माहिती देताना खोली कोणत्या मजल्यावर, जिना गोल की सरळ, मालक तिथेच राहतात का आणि जवळचं उपाहारगृह सोमवारी उघडं असतं का, एवढं कृपया छापावं. झुंबरांचे फोटो कमी केले तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता