पत्र्याचा डबा

लश्कर, ग्वाल्हेर
१० डिसेंबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

खालच्या दोन खोल्यांतलं फौजी संग्रहालय बंद करून त्या भाड्याने द्या, असं दिवाळीत तू म्हणालीस, तेव्हा मी गप्प राहिलो. तुझ्या आईला वाटलं मी रागावलो. तसं काही नव्हतं. फराळाला आलेल्या मंडळींसमोर बाप-लेकीचा वाद नको, आणि खरं सांगायचं तर उत्तरही तयार नव्हतं. फौजेत २८ वर्षं क्लार्की केलेला माणूस मी, समोर कागद असल्याशिवाय मला सुचत नाही.

"बाबा, हे बघायला येतं तरी कोण?" असं तू विचारलंस. म्हणून रजिस्टर काढून बसलो. नोव्हेंबरात ११२ सह्या आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी भिंतीकडे मान वर करून पाहिलेलंही नाही. ते आले होते हयातीच्या दाखल्यासाठी. सहा जणांनी मिळून चालवलेलं हे आपलं संग्रहालय नोव्हेंबर लागला की पेन्शनीचं ऑफिस होतं. मधलं टेबल रिकामं करायचं, टोप्या आणि बिल्ले कपाटात, वर मोबाइल आणि अंगठ्याचं यंत्र. २०१४ पासून हे दाखले यंत्रावर होतात, पण जन्मभर रायफल आणि मग नांगर धरलेल्या हाताच्या रेघा उरतात कुठे? अंगठा लागतच नाही. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय झाली तेव्हा आम्ही सुटलो म्हणालो. तर त्यात डोळे मिचकावावे लागतात. परवा भिंडकडचे एक हवालदारसाहेब आले, वय ८४. कॅमेरा समोर धरला की सावधान! छाती पुढे, नजर समोर, पापणी हलायला तयार नाही. आपले एअरफोर्सवाले काका पाच वेळा म्हणाले, "साहब, पलक झपकाइए." ते म्हणाले, "सावधान में?" शेवटी काकांनी "विश्राम" असा हुकूम दिला तेव्हा कुठे फोटो निघाला.

शाळेची पोरं येतात ती तलवारीसाठी. त्यांना मी आधी बोटीच्या फोटोपाशी नेतो, कारण माझा जीव तिथे आहे. ग्वाल्हेरला समुद्र कुठला, असं पोरं विचारणार हे ठरलेलं. १९१४ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही कॅनेडियन कंपनीची जुनी आगबोट विकत घेतली, तिचं इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. महायुद्धातले जखमी हिंदी शिपाई तिच्यातून आले. युद्ध संपल्यावर तीच बोट वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी काढलेल्या सिंदिया या जहाज कंपनीकडे गेली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, ब्रिटिश कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन आहे. नाव तेच, 'लॉयल्टी', पण आता इमान कोणाशी? हा प्रश्न मी पोरांना विचारतो. मास्तरीणबाई, ज्या आपल्या पाट्या लिहितात, म्हणतात की पाचवीच्या मुलांना असलं काही विचारू नये. मी विचारतोच.

त्याच्या शेजारी 'ग्वाल्हेर स्टार' या पदकाचा फोटो आहे. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार, एका दिवसात दोन ठिकाणी आपल्या फौजेचा मोड झाला. इंग्रजांनी हाती लागलेल्या तोफा वितळवून त्यांच्या काशातून पदकं पाडली आणि स्वतःच्या शिपायांच्या छातीवर लावली. खरं पदक आपल्याकडे नाही. असतं तरी कुठल्या कपाटात ठेवावं, मला कळलं नसतं.

खरी हत्यारं मी ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. एक तलवार आहे, तिचे कागद पुरे आहेत. बंदूक आहे ती जीवाजीगंजातल्या सुताराकडून करून घेतलेली लाकडी. लोक मात्र काय आणतील नेम नाही. एका सद्गृहस्थांनी भाजीच्या पिशवीतून गंजका तोफगोळा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, दान करायचाय. मी सगळ्यांना चौकात नेलं, पोलिसांना फोन केला. गोळा रिकामाच निघाला. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिचा राग गोळ्यापेक्षा लोणच्याच्या बरण्या जिन्याखाली गेल्याचा आणि घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटल्याचा होता असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं.

तीन वर्षांपूर्वी मुरारच्या पलीकडच्या एका गावातून एक बाई आल्या. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. "बाबूजी, इनका कुछ मिलेगा?" आत पदकं होती. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल. नवऱ्याने दर २६ जानेवारीला ब्रासो लावून लावून इतकी घासलेली की कडेवरचं नाव बोटाला लागेना. (पहिल्या वर्षी मीही दानात आलेली तीन पदकं अशीच लख्ख केली होती. फौजेची खोड. मग कोणीतरी सांगितलं की पितळेवरचा तो काळसर थर हेच त्याचं चिलखत.) खोली अंधारी केली, टॉर्च आडवा धरला, पदक हळूहळू फिरवलं. आधी नंबर दिसला, मग हुद्दा, मग नाव. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, हेच. आणि म्हणाल्या, पेन्शन त्यांच्याबरोबरच गेली.

सोनू, नवरा १९७१ ला लढलेला, पुरी नोकरी करून पेन्शनवर आलेला, आणि बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नाही. तीन अर्ज परत आलेले. आधार कार्डावर एक नाव, अर्जात तेच, आणि रेकॉर्डात 'या नावाची पत्नी नोंद नाही'. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, बायकोचं नाव नव्हतंच, जुन्या पीपीओंवर ते पुष्कळदा नसायचं.

पदकं ठेवायला म्हणून डबा रिकामा केला, तर तळाशी वर्तमानपत्राखाली चार घड्या घातलेला पिवळा कागद. पार्ट टू ऑर्डरची प्रत. शिपायाचं लग्न झालं, मूल झालं की युनिटचा क्लार्क ही ऑर्डर काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तेव्हा कुठे सरकारच्या लेखी त्याला बायको असते. त्या कागदावर लग्नाची नोंद होती, ऑर्डरचा नंबर होता, तारीख होती. बायकोचं नाव मात्र भलतंच. मी विचारलं, हे कोण? त्या हसल्या. नवऱ्याने सांगितलं घरचं नाव, लिहिणाऱ्याने ऐकलं तिसरंच.

लिहिणाऱ्याने म्हणजे माझ्यासारख्याने.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. २८ वर्षांत अशा किती ऑर्डरी मी काढल्या, मोजदाद नाही. सुट्टीहून परतलेला जवान टेबलापुढे उभा, बाहेर आणखी दहा, साहेबांची सही दुपारच्या आत हवी. "बीवी का नाम?" तो लाजत काहीतरी पुटपुटायचा आणि मी जे कानावर पडेल ते टाइप करायचो. परत विचारलं नाही कधी. त्या बायका आज सत्तरीच्या असतील. डबे घेऊन कुठे कुठे बसल्या असतील.

नंबर आणि तारीख सापडली की रेकॉर्ड क्लार्कला पळवाट राहत नाही, हे मला आतून माहीत आहे. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र, सरपंचांचा दाखला, ऑर्डरची साक्षांकित प्रत, सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लावलं. १४ महिने लागले. थकबाकीसकट पैसे जमा झाले तेव्हा त्या मुरैन्याची तिळाची गजक घेऊन आल्या आणि मेडल आता ठेवून घ्या म्हणाल्या. मी घेतली नाहीत. पिवळ्या कागदाची झेरॉक्स तेवढी काचेखाली लावली आहे, नावं झाकून. दिवाळीत तू तिथेच उभं राहून "हे झेरॉक्स कशाला लावलंय?" म्हणालीस. पाटी लावायला हवी होती. मास्तरीणबाईंना दोनदा सांगून झालं, पण काय लिहायचं ते मलाच सांगता येईना.

त्यानंतर अशा नऊ जणी आल्या. चौघींचं काम झालं. एकीचं होण्याआधी ती गेली.

कोचिंग क्लासवाला अजून विचारतोय, भाडंही चांगलं देईल. तुझं म्हणणं चुकीचं नाही. माझे गुडघे, आईची बीपी, आणि तुम्ही तिकडे पुण्याला वानवडीत, महादजींच्या छत्रीच्या शेजारी. पण निदान मी आहे तोवर खोल्या देणार नाही. पुढचं ओझं मात्र तुझ्यावर नको, म्हणून मागच्या आठवड्यात ट्रस्टच्या कागदांवरून तुझं नाव काढायचा ठराव केला. तुला न विचारता घातलं होतं, न विचारताच काढतो आहे. तुझ्या जागी काकांचा नातू येतोय, कॉलेजात आहे, टॉर्च आडवा धरायला शिकलाय. परवा एका आजींना त्याने नाव विचारलं, लिहिलं, आणि मग कागद त्यांच्याकडे फिरवून म्हणाला, "अम्मा, देख लो, यही है ना?" त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्याने मोठ्याने, एकेक अक्षर वाचून दाखवलं.

मे महिन्यात याल तेव्हा लक्ष्मी रोडवरून सिलिका जेलच्या पुड्या आण, पावसाळ्याआधी कपाटात ठेवायच्या आहेत. इथे मिळतात त्या लगेच पाणी धरतात. आणि एक चांगलं भिंग, दिवा असलेलं. पैसे मी देईन, वाद घालू नकोस.

जावईबापूंना नमस्कार, पिल्लूला पापा. गजक पार्सलने पाठवली आहे. आई म्हणते, उघडल्या उघडल्या डब्यात भर, नाहीतर सादळेल.

तुझे
बाबा