आई-बाबा, तिकिटं काढली आहेत

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आधी रागावून घ्या. न विचारताच कोकणकन्याची ठाण्याची तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. विचारलं असतं तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते, आणि त्यांचं ‘बघू’ मला ठाऊक आहे.

मलाही बाबांसारखाच सोरायसिस निघालाय. पावसात स्कूटरवरून पडलो, गुडघा खरचटला आणि नेमका तिथेच चट्टा उठला. आई, रडू नकोस, दुधावर मासे कधी खाल्ले तेही आठवत बसू नकोस. आणि बाबा, ‘माझ्यामुळे’ हे मनातही आणू नका. रक्तातून येतो तो नुसता कल. आईवडिलांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलांना होत नाही. ताईला कुठे आहे? झालंय ते एवढंच, की राखणीला ठेवलेल्या पांढऱ्या पेशी घरच्याच कातडीवर उठल्यात. मग एरवी महिनाभर चालणारं नव्या कातडीचं काम ४-५ दिवसांत उरकतं, जुनी झडायच्या आत नवी वर येते, तीच खपली. लहानपणी तुमच्या पाठीला खोबरेल लावायचो, बोटांना चिकटलेला रुपेरी कोंडा चड्डीला पुसायचो. लागायचा असता तर तेव्हाच लागला असता.

खरी काळजी बाबांच्या बोटांची. सकाळी अखडतात, कप दोन्ही हातांनी धरता, हे मी डॉक्टरांना सांगितलं. हाच आजार कधीकधी सांध्यांतही उतरतो म्हणाल्या, आणि एकदा वाकडं झालेलं बोट सरळ होत नाही. वयावर ढकलू नका.

बाबा घेतात त्या औषधाच्या पुड्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आत स्टिरॉइड असलं तर एकदम सोडल्यावर आजार उसळतो. उरलेल्या सगळ्या सोबत आणा. आई, तुला बोल लावत नाही. तेव्हा दुसरं होतं तरी काय हाताशी?

इथे कमोड आहे, गीझर आहे, उकडे तांदूळ आणून ठेवलेत. पहाटे उठून बाबांची चादर झटकायची नाही. मी पांढऱ्याच चादरी घेतल्यात, माझ्यासाठीही.

बाबा, आत्याच्या लग्नातला तो फुल बाह्यांचा शर्ट राहू दे. अर्ध्या बाह्यांचे भरा, ठाण्याला फार उकडतं.

तुमचा,
बाळ्या