‘मवाळ’ खेळ आणि काखेतलं हेल्मेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर आलेल्या लेखात ‘नियमांनी अमेरिकन फुटबॉल पार मवाळ करून टाकला’ असं म्हटलं आहे. माझा मुलगा इथे ओहायोत शाळेच्या संघातून खेळतो, त्यामुळे ते वाक्य काही घशाखाली उतरलं नाही.

१९०५च्या हंगामात मैदानावर पोरं दगावली, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाऊसवर बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. ज्या लांब पासवर आज अख्खं स्टेडियम उठून उभं राहतं, त्याचं मूळ या मवाळपणातच आहे!

पुढे हेल्मेट टणक झालं आणि डोकंच हत्यार बनलं. १९६८ या एका वर्षात या खेळातल्या दुखापतींनी ३६ जण गेले. १९७६ साली शाळा-कॉलेजांत डोकं खाली घालून टाळूने धडक मारायला बंदी आली. हेल्मेटचे निकषही कडक झाले. १९९० साली असा एकही मृत्यू झाला नाही. नियम मोडला की पंच जो पिवळा रुमाल टाकतो, त्याच्याइतकाच यात प्रशिक्षकांचा वाटा, कारण त्यांना शिकवण बदलावी लागली. आमच्या मैदानावर आजही दर दोन मिनिटांनी ‘मान वर, मान वर’ हेच ऐकू येतं.

व्यावसायिक लीगचं, म्हणजे एनएफएलचं घोडं मात्र मागेच. १९७८ साली ओकलंडमध्ये जॅक टेटम या खेळाडूच्या धडकेने प्रतिस्पर्धी संघाचा डॅरिल स्टिंगली जन्माचा अपंग झाला, तरी पंचांनी रुमालही टाकला नाही. तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती! डोकं खाली घालून धडकण्यावर एनएफएलने सरसकट बंदी आणली ती २०१८ मध्ये. मागून धरून धावणाऱ्याच्या पायांवर अंग टाकायचं, म्हणजे ‘हिप-ड्रॉप’, त्यावर १५ यार्डांचा दंड २०२४ पासून. खेळाडूंच्या संघटनेचा याला विरोध होता. वेगात असताना अंग कुठे पडेल हे ठरवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण धडकेनंतर कोणाला बाहेर बसवायचं, हा प्रश्न मला जास्त छळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये एनएफएलमधला मायामीचा खेळाडू टुआ टॅगोवायलोआ आपटला, उठला आणि झोकांड्या खाऊ लागला. तरीही त्याच सामन्यात तो परत उतरला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. झोकांडी खाल्ली की त्या सामन्यात परतायचं नाही, हा नियम त्यानंतर आला.

गेल्या हंगामात माझ्या मुलाचं डोकं जमिनीवर आपटलं. खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या ट्रेनर बाईंनी त्याला बाकावर बसवलं आणि त्याचं हेल्मेट काढून घेतलं. ‘मी ठीक आहे,’ तो म्हणत होता. खोटं कशाला बोलू, कठड्यापलीकडून मीही ‘ठीक दिसतोय की’ म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सामना संपेपर्यंत हेल्मेट काखेत धरून त्या फिरत होत्या.

आपला,
एक पालक, कोलंबस (ओहायो)