‘मीठ जास्त’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

पाण्यावर चालणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते: ‘मीठ इतके घातले की मोकळे पाणी उरतच नाही, म्हणून पाणी फुटत नाही.’ हे अर्धेच खरे आहे. पाणी फुटते, म्हणजे त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, ते पट्टीच्या (इलेक्ट्रोडच्या) अंगाला, आणि तिथे कोणाची गर्दी आहे हे बाटलीतल्या सरासरीवरून कळत नाही.

घरच्या इन्व्हर्टरचेच पाहा. पाणी १.२३ व्होल्टला फुटायला हवे, तरी शिशाच्या बॅटरीचा सेल २ व्होल्ट धरतो. कारण शिशावर हायड्रोजन सुटायला बराच जास्त जोर लागतो. चार्जिंग सेलमागे २.४ व्होल्टच्या वर गेले की बुडबुडे येतात आणि डिस्टिल्ड वॉटर टाकत बसावे लागते.

मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कराची संशोधन प्रयोगशाळा यांनी २०१५ मध्ये जे द्रावण पुढे आणले, त्यात १ किलो पाण्याला २१ मोल, म्हणजे सुमारे ६ किलो लिथियम टीएफएसआय असते (लिथियमचा धन आयन आणि टीएफएसआय हा मोठा, फ्लोरिनयुक्त ऋण आयन यांचे मीठ). एका लिथियममागे पाण्याचे रेणू जेमतेम २.६; एरवी तो चारेक जवळ बाळगतो. धन पट्टीवर टीएफएसआयचे अवजड, पाण्याशी न जमणारे आयन दाटी करून पाण्याला बाहेर रेटतात. ऋण पट्टीवर उलटे घडते. ती टीएफएसआयला दूर लोटते आणि लिथियमला ओढते. लिथियम येतो तो आपले पाणी कडेवर घेऊनच. जिथे पाणी नको, नेमके तिथे ते पोचते.

तिथे तारून नेतो तो लिथियम फ्लोराइडचा पापुद्रा. दाट द्रावणात टीएफएसआय लिथियमला चिकटून असतो आणि अशी जोडी सुट्या टीएफएसआयपेक्षा लवकर तुटते. तिच्यातूनच हा पापुद्रा बनतो. पातळ द्रावणात तो धरायच्या आत हायड्रोजन सुटू लागतो. तरीही या द्रावणाची मर्यादा लिथियम धातूच्या पट्टीच्या तुलनेत १.९ ते ४.९ व्होल्ट, म्हणजे ३ व्होल्टची. नेहमीच्या लिथियम बॅटरीत ऋण पट्टी असलेल्या ग्राफाइटला ०.१ च्या आसपास उतरावे लागते, ते यात बसत नाही. २०१७ मध्ये ४ व्होल्टचा सेल जमला, तो ग्राफाइटवर पाण्याला दूर ठेवणाऱ्या फ्लोरिनयुक्त ईथरचा जेल आधीच लावून. मीठ वाढवून नव्हे.

महाविद्यालयांत हे द्रावण करणाऱ्यांची चूक बहुधा तराजूवरच होते. १० ग्रॅम पाण्याला ६०.३ ग्रॅम मीठ. तयार द्रावण भरते ४० मिलिलिटरच्या आसपास. त्यामुळे १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायचा नेहमीचा फ्लास्क इथे कामाचा नाही, दोन्ही गोष्टी वजनानेच घ्याव्यात. हे मीठ हवेतला ओलावा झपाट्याने ओढते. त्यात २ टक्के ओल असली, तर किलोमागे २१ मोलऐवजी हाती १८.४ मोल येते, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून वजन करण्याआधी निर्वात ओव्हनमध्ये सुकवणे टाळू नये. द्रावण २५ अंशांना संपृक्ततेच्या काठावर असते. खोली गार पडली की स्फटिक धरतात.

मोजणीतही गोम असते. गुळगुळीत धातूच्या चकतीवर भरभर व्होल्टेज फिरवले की मर्यादा मोठी दिसते. त्याच द्रावणात सच्छिद्र कार्बन घातला की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, हायड्रोजनही त्या प्रमाणात सुटतो आणि सेलचे पाकीट (पाऊच) फुगते. खरी परीक्षा म्हणजे सेल पूर्ण चार्ज करून काही तास नुसता ठेवायचा आणि व्होल्टेज किती उतरते ते पाहायचे.

तेव्हा ‘३ व्होल्टची पाण्याची बॅटरी’ असे छापताना निदान एवढे तरी विचारून घ्यावे: ऋण पट्टी कशाची होती, तापमान किती होते आणि ते ३ व्होल्ट किती वेळ टिकवून पाहिले.

– एक वाचक, पुणे