डीव्हीड्या माझ्याकडेच राहू देत

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, तेव्हाच कळलं की त्यांना पटलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतल्या सगळ्या डीव्हीड्या मी पुण्याला आणल्या, त्या आता वेंगुर्ल्याला परत पाठवणार नाही. तसं ठरवलंय मी. रागावू नका, आधी ऐका.

आपल्याकडच्या दमट हवेत चपलांना, पट्ट्यांना बुरशी धरते, ती डीव्हीडीलाही सोडत नाही. जत्रेतल्या दशावताराची डीव्हीडी मी उजेडासमोर धरली, तर चंदेरी थराला कडेकडेने टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कड गेली की शेवट जातो. त्या नाटकाचा शेवट गेलाच. बाकीच्यांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. बाबांनी मार्करने नावं घातलेल्या त्या चकत्या कोरड्या कपाटात जपून ठेवल्यात, टाकलेली एकही नाही.

प्रत्येकीची जशीच्या तशी प्रत करून नव्या लॅपटॉपवर घातली आहे. तिला आयएसओ फाईल म्हणतात. लॅपटॉपला डीव्हीडी घालायची खाच नाही म्हणून बाबा खट्टू झाले ना? ती लागतच नाही. 'घरचे' नावाच्या फोल्डरमध्ये 'दादाची मुंज'वर दोनदा क्लिक करा. कॉम्प्युटर ती फाईल खरीच डीव्हीडी घातल्यासारखी धरतो आणि डावीकडे एक नवा ड्राईव्ह दिसायला लागतो. यालाच माउंट करणं म्हणतात. मग व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्रॅम उघडून त्यात तो ड्राईव्ह लावा, पूर्वीसारखाच मेन्यू येईल. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं, त्यात यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागायचा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ही सोय आतच असते.

आई, तू बिनधास्त हात लाव. त्या ड्राईव्हमधलं फक्त वाचता येतं, चुकून काही पुसलं जाणार नाही. बघून झालं की ड्राईव्हवर राईट क्लिक करून 'इजेक्ट' म्हण. ड्राईव्ह नाहीसा होईल, फाईल जागेवरच राहील. लाईट गेली, बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, तर घाबरायचं नाही, परत दोनदा क्लिक. फक्त मूळ फाईल डिलीट करू नका. केलीत तरी वेगळ्या हार्ड डिस्कवर एक प्रत आहे आणि माझ्याकडे आणखी एक.

बाबांच्या भजनांच्या ऑडिओ सीडीचं मात्र आयएसओ होत नाही, त्याची साध्या गाण्यांची फोल्डर केली आहेत. आणि कोणी पेनड्राईव्हवर मागितलं तर मला सांगा. साधी एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंत असते, पुष्कळ पेनड्राईव्ह ४ जीबीच्या वरची एक फाईल घेतच नाहीत. बाबा उगाच दुकानात हेलपाटे घालतील.

प्रती करताना गौरीच्या रात्रीची लावली होती. आजी फुगडी घालून दमते, खळ्यात फतकल मारून बसते आणि बाबांच्या कॅमेऱ्यावर पदर झटकते. तेवढंच मी कितीदा मागे नेऊन बघितलं. आणि बाबा, जत्रेत दशावतारातला संकासुर राक्षस यायच्या आधीच मी तुमच्या खांद्यावर केस गच्च धरून बसायचे, तुम्ही "अगो, सोड" म्हणायचात आणि पहाटेपर्यंत खाली उतरवायचा नाहीत. ते कसं जाऊ देऊ मी?

बाबा, आता ऐका. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा सलग अख्खी मुंज बघायची नाही, अर्ध्यात थांबायचं. थेंब डॉक्टरांनी सांगितल्या वेळीच घालायचे. लॅपटॉप पडवीत नको, पावसाची झड येते. आतल्या खोलीत टेबलावर ठेवा, खुर्चीवर ती जाड उशी घ्या. बीपीची गोळी पेज झाल्यावर लगेच. आई, गुडघा दुखत असताना तू विहिरीवर जाऊ नकोस, पंप दुरुस्त करून घ्या, पैसे मी पाठवलेत.

शनिवारी रात्री फोन करते. तोवर मुंज लावून बघा, अडलं तर तिथेच थांबा, मी फोनवरून एकेक सांगेन.

तुमची,
धाकटी