वहीच्या मागच्या कव्हरवर पूर्वी पाढे असायचे

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळकरी मुलांच्या वह्यांवर, दप्तरांवर आणि वर्गातल्या पडद्यावर येणारे पुढाऱ्यांचे चेहरे

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. गेल्या महिन्यात तिने ‘माझा आवडता नेता’ हा निबंध लिहिला. गांधीजी, नाहीतर शिवाजी महाराज असतील असं समजून मी वही उघडली. निबंध असा होता : ‘माझे आवडते नेते कार्यसम्राट आहेत. ते युवकांचे आशास्थान आहेत. त्यांनी बंदिस्त गटार केले. त्यांनी अंतर्गत रस्त्याचे काँक्रिटीकरण केले. त्यांनी हायमास्ट दिवे बसवले. त्यांना दीर्घायुष्य लाभो.’ खाली लाल शाईत ‘छान’ आणि दहापैकी नऊ गुण.

मी विचारलं, “हायमास्ट म्हणजे काय गं?”

“माहीत नाही. वहीवर आहे.”

वही उलटून पाहिली. खरंच होतं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शाळेत वह्या वाटल्या होत्या. पुढच्या कव्हरवर हात जोडलेला फोटो आणि वर पक्षाचं चिन्ह, मागच्या कव्हरवर विकासकामांची यादी. पोरीने ती यादी ओळीने उतरवून काढली होती. माझ्या लहानपणी त्या जागी दोन ते दहाचे पाढे असायचे. पाढे पाठ करायला आम्हाला छड्या खाव्या लागल्या. ही यादी मात्र छडीवाचून पाठ झाली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या तालुक्यात हे पत्र वाचलं की पहिला प्रश्न ‘हा कोणाचा माणूस?’ असाच येणार. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहीहंडी, सगळ्यांचे फ्लेक्स मी छापतो, सगळ्या पक्षांचे. कोणाचा फोटो किती मोठा, शुभेच्छुकांची डोकी कोणत्या क्रमाने लावायची, यावरून माझ्या दुकानात भांडणं झालेली आहेत. पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांवर माझं घर चालतं, त्यामुळे मला त्या चेहऱ्यांचा विटाळ नाही. आणि ज्यांच्या वह्या वाटल्या गेल्या, त्यांना मागच्या खेपेला मी मतही दिलंय.

पण चौकातला फ्लेक्स आणि वही यांत फरक आहे. चौकातून जाणारा माणूस मान वळवू शकतो, हसू शकतो, शिवी देऊ शकतो. आठ-नऊ वर्षांचं मूल वर्गातून उठून जाऊ शकत नाही. शाळेत जे हातात पडतं ते बाईंनी दिलेलं असतं, आणि बाईंनी दिलेलं खरं असतं. तो विश्वास वाढदिवसाच्या जाहिरातीला फुकटात मिळतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अशी जागा कितीही पैसे मोजून भाड्याने मिळणार नाही.

वाटपाच्या दिवशी मुलांना रांगेत उभं करून वही छातीशी धरायला लावली आणि फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो पुढाऱ्यांच्या फेसबुक पानावर होता. आम्हा पालकांना कोणी विचारलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती वापरण्याआधी आईवडिलांची संमती घ्यायची, असं 2023 चा केंद्राचा कायदा सांगतो म्हणे. आमच्यापर्यंत तो अजून चालत चालत येतोय.

त्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील दुसऱ्या गटाचे. त्याने पेनाने कव्हरवरच्या फोटोला मिशा काढल्या, वर शिंगंही काढली. त्याला तासभर उभं केलं. मुलं आता त्याला विरोधकांचं नाव घेऊन चिडवतात. गावकी-भावकीतलं राजकारण आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत आलेलंच आहे. वर्ग तेवढा उरला होता.

मी मुख्याध्यापक मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, “दादा, खरं सांगू? शाळेच्या भिंतीला त्यांच्याच निधीतून पैसे येणारेत. मी नको म्हणू का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे रागानं बघावं असंही वाटलं नाही. बाजूला उभे असलेले एक गुरुजी म्हणाले, “पूर्वी पाठ्यपुस्तकातच कोरी पानं होती, तेव्हा वह्यांची एवढी गरज तरी नव्हती.” ते बरोबर बोलले. 2023 मध्ये बालभारतीच्या पुस्तकांत वह्यांची पानं आली आणि 2025 मध्ये ती निघाली. पानं घालावीत की काढावीत यावर मी बोलणार नाही, दप्तराच्या ओझ्याचा तो वेगळा वाद आहे. पण पानं निघाली की मजुरी करणाऱ्या घराला पुन्हा वह्या विकत घ्याव्या लागतात, आणि तेवढ्या जागेत कोणीतरी हात जोडून उभा राहतो.

“गरिबाच्या पोरांना वह्या मिळतायत, तुझ्या पोटात का दुखतं?” हे मला दुकानात दोघांनी ऐकवलं. द्याव्यात की वह्या! दोन डझन द्या, चांगल्या जाड कागदाच्या द्या. या वह्यांचा आतला कागद इतका पातळ आहे की शाई मागे उमटते. सगळा खर्च चार रंगी कव्हरवर केलाय, हे मला हाताला लागताच कळलं. देणाऱ्याचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात छापा, माझी हरकत नाही.

मंत्रिमहोदय, हे फक्त तालुक्याच्या पुढाऱ्यांनी सुरू केलेलं नाही. खालच्यांनी वरच्यांचं पाहिलं. 5 सप्टेंबर 2014 ला शिक्षकदिनी पंतप्रधानांचं भाषण देशभरच्या शाळांत दाखवलं गेलं, तेव्हा निदान ते मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. 2018 मध्ये त्यांच्या बालपणावर बेतलेला लघुपट आपल्या राज्यातल्या शाळांत दाखवला गेला. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि सीबीएसईच्या शाळांना तोच पुन्हा दाखवायला सांगितलं गेलं. 2024 च्या सुरुवातीला आपल्या शाळांत मुख्यमंत्र्यांचं पत्र वाटलं आणि त्या पत्रासोबत सेल्फी काढून संकेतस्थळावर चढवायला सांगितलं. लघुपट चांगला की वाईट, पत्रातला मजकूर चांगला की वाईट, हा माझा मुद्दाच नाही. उद्या माझ्या आवडीचा माणूस खुर्चीवर आला आणि त्याने हेच केलं, तरी माझी तक्रार हीच राहील. शाळेत टाळ्या वाजवायला बसवलेलं मूल त्याचं मत बनवत नसतं, ते फक्त बसलेलं असतं.

तमिळनाडूचं उदाहरण मला फार आवडतं. 2021 मध्ये तिथे सरकार बदललं तेव्हा आधीच्या दोन मुख्यमंत्र्यांचे, जयललिता आणि पलानीस्वामी यांचे, फोटो असलेली सुमारे 65 लाख दप्तरं छापून पडली होती. नवे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ती तशीच वाटायला सांगितली. सुमारे 13 कोटी रुपये वाचले. दिलदारपणा खरा. पण मुळात दप्तरावर चेहराच नसता तर हा प्रश्नच आला नसता.

जर्मनीत 1976 मध्ये बॉयटेल्सबाख नावाच्या गावी शिक्षणातल्या जाणकारांची बैठक झाली. सगळ्या विचारांची माणसं होती. त्यातून जी तत्त्वं पुढे आली त्यांतली दोन अशी : शिक्षकाने आपलं मत मुलाच्या गळी उतरवायचं नाही, आणि समाजात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. शाळकरी पोरांना एका माणसाच्या नावाने हात उंचावायला शिकवल्यावर काय होतं, ते त्या देशाने पाहिलं होतं.

राजकारण शाळेत नको, असं मी म्हणत नाही. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर अख्खा धडा आहे, तो नीट शिकवा. वर्गमंत्र्याची निवडणूक घ्या, ग्रामसभेला मुलांना घेऊन जा. निवडणुकीच्या वेळी मुलं घरी संकल्पपत्र घेऊन येतात, ‘आईबाबा, मतदान करा’ असं त्यात असतं. त्यावर ना फोटो असतो ना चिन्ह. ते मी आनंदाने सही करून दिलं. फुले, शाहू, आंबेडकर, सावित्रीबाई यांच्या तसबिरी भिंतीवर हव्यातच. त्यांना पुढच्या वर्षी उभं राहायचं नाहीये.

निवडणूक आयोगाने 5 फेब्रुवारी 2024 ला पक्षांना बजावलं की प्रचारात मुलांना कुठल्याही रीतीने वापरायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच तसं सांगितलं होतं. आचारसंहिता लागली की आमच्याकडे तहसीलची माणसं कोनशिला वर्तमानपत्राने झाकतात, माझे फ्लेक्स उतरवतात. वही मात्र दप्तरातच राहते. ती कोणी झाकायला येत नाही, आणि आचारसंहितेच्या आधी वाटली असेल तर कोणाला विचारताही येत नाही.

म्हणून आपल्या खात्याने एक छोटा शासन निर्णय काढावा. मुलाच्या हातात दिल्या जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर हयात राजकीय व्यक्तीचा फोटो किंवा पक्षाचं चिन्ह नसावं, मग ते सरकारी खर्चाचं असो की देणगीचं. पाठ्यक्रमाबाहेरचं काही पडद्यावर दाखवायचं असेल तर आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावं. त्या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना चहा आणि सह्या यांपलीकडे काही काम मिळेल. आणि मुलाला नाही म्हणायचं असेल तर त्याला ग्रंथालयात, नसेल तर झाडाखाली बसू द्यावं, हजेरी न कापता. एवढं झालं की आमच्या मॅडमना नाही म्हणायला कागद मिळेल. त्यांना हिंमत द्या असं मी म्हणत नाही, ती त्यांना परवडणार नाही. कागद द्या.

वहीची अजून साठेक पानं कोरी आहेत. कागद वाया घालवायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून काल खाकी कागदाचं कव्हर घातलं. मागच्या बाजूला तिच्याकडूनच पाढे लिहून घेतले. साताच्या पाढ्यात ती सात सक बेचाळीसला अडखळली.

आपला नम्र,
एक पालक