घाटात उकळलेली गाडी

इंदूर,
एप्रिलची अखेर

प्रिय अन्या,

तुझं पत्र आलं. मुंजीला तुम्ही सगळे नाशिकहून स्वतःच्या गाडीने येणार म्हणून आई खूश आहे. मी मात्र जरा धास्तावलोय. मे महिना, नऊ वर्षांची गाडी, चारशे किलोमीटर, आणि वाटेत आधी सेंधव्याचा बिजासन घाट, मग धामनोदपुढचा गणपती घाट. गाडीच्या विम्याच्या पॉलिसीबरोबर रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मिळणारी मदत, घेऊ का, असं विचारलंयस. घे. पण एवढंच लिहून पत्र संपवलं तर गेल्या मे महिन्यात मी जे भोगलं ते वाया जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आई, आत्या आणि हिला घेऊन महेश्वरला गेलो होतो. घाटावर स्नान, अहिल्येश्वराचं दर्शन, मग साड्यांच्या दुकानात दोन तास (ते तुला सांगायला नको). निघायला अडीच वाजले. निमाडातलं अडीचचं ऊन तुला आठवत असेलच, पायरीवर पाय ठेववत नाही. धामनोद सोडलं, घाट लागला, आणि पुढे सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक. तो गोगलगायीसारखा चाललेला, त्याच्यामागे मी दुसऱ्या गिअरवर, माणसं चार, डिक्की भरलेली, एसी शेवटच्या आकड्यावर. उतारावर ब्रेक निकामी होणाऱ्या ट्रकांसाठी तो घाट बदनाम आहे, त्यामुळे माझं सगळं लक्ष समोरून येणाऱ्यांकडे. इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे नाही.

खरं म्हणजे गाडीने आधी इशारा दिला होता. एसीतून गरम हवा यायला लागली. मी एसीला शिव्या दिल्या, गॅस संपला असणार म्हणालो. खूप तापल्यावर बऱ्याच गाड्या आपणहून एसीचा कंप्रेसर बंद करतात, हे मला नंतर कळलं. मग एक गोडसर वास आला. आत्या म्हणाली, "कोणी पाक करतंय का रे?" तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा वास होता. काट्याकडे बघितलं तर तो लाल रेघेला टेकलेला, आणि बोनटच्या फटीतून वाफ.

वाफ दिसली की 'पुढच्या वळणापर्यंत नेऊ' हा मोह आवरायचा. मी तो आवरला, आणि त्या दुपारी केलेली तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट. कडेला घेऊन इंजिन बंद केलं. काटा नुसता चढायला लागला असेल आणि थांबायला जागाच नसेल, तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण सोडायचा. रेडिएटर म्हणजे इंजिनमधलं तापलेलं पाणी गार करणारी जाळी. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो आत ओढतो. त्रेचाळीस अंशांत हीटर लावलास तर वहिनी काय म्हणतील ते म्हणोत, इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाचतं.

खाली उतरलो, बोनट उघडलं, हातात फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच आत्या मागून ओरडली, "अरे मेल्या, शिटी न जाऊ देता कुकर उघडतोस का?" अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गाडीतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण अगदी नेमकं बोलली. झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असेल तर साधं पाणीसुद्धा एकशेवीसपर्यंत टिकतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. पलीकडच्या टपरीवाल्याने बादली आणली आणि "साब, ऊपर से डाल देते हैं" म्हणाला. त्यालाही थांबवलं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो. आम्ही त्या पाण्याने तोंडं धुतली आणि पाऊण तास नुसते बसलो.

आता असिस्टन्सचं ऐक. माझ्या पॉलिसीत ते होतं, म्हणून मी तोऱ्यात फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड. "सर, लँडमार्क बताइए." म्हटलं, घाट. "सर, पिन कोड?" घाटाला कुठला पिन कोड! शेवटी रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड शोधत उन्हातून चालत गेलो, त्यावरचा आकडा वाचला आणि तो सांगितला. तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली, म्हणजे फोनवरची. दीड तास सांगितला होता, तीन तास दहा मिनिटं लागली. मधल्या वेळात टपरीवाल्यानेच सांगितलं, १०३३ लावा. राष्ट्रीय महामार्गाची ती हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालते, आणि तिला तुझ्या पॉलिसीशी काही देणंघेणं नाही. गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे शंकू लावले आणि आमची गाडी ढकलून वळणावरून बाजूला घेतली. तोवर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. बायकांना मी कधीच बाहेर काढून झाडाखाली बसवलं होतं. उभ्या गाडीत बसून राहणं वाईट.

उचलून नेणारा आला तेव्हा पॉलिसीतलं बारीक अक्षर भेटलं. ओढून नेणं फुकट, पण पन्नास किलोमीटरपर्यंत आणि जवळच्या वर्कशॉपपर्यंतच. इंदूर त्याहून लांब. वरच्या किलोमीटरचे पैसे रोख द्या. ड्रायव्हरजवळ जागा एकाची, उरलेल्यांचं तुम्ही बघा. आई, आत्या आणि ही साड्यांच्या पिशव्या घेऊन बसने इंदूरला आल्या. त्यावरून टोमणे मी अजून ऐकतोय.

तेव्हा घेण्याआधी इतकं विचार: किती किलोमीटर, वर्षातून किती वेळा, आणि मध्य प्रदेशातल्या घाटात तुमचा माणूस आहे का. आणि दुरुस्तीचा खर्च त्यात नसतो, फक्त मदत असते. मूळ पॉलिसीवरही भिस्त ठेवू नकोस. ती अपघाताची, यंत्र आपणहून बिघडलं तर हात वर करते. तापलेली गाडी तशीच रेटून इंजिन बसलं, तर ते पैसे बहुतेक तुझ्याच खिशातून जाणार.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने डिपस्टिक, म्हणजे इंजिनचं तेल तपासायची पट्टी, काढली, बोटावर तेल घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "ताक नहीं बना, बच गए." हेडखालचं गॅस्केट, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं ठेवणारा पत्रा, गेलं असतं तर तेलात पाणी मिसळून ते दुधाळ झालं असतं. दोष निघाला रेडिएटरच्या पंख्यात, मोटार जळली होती. सपाट रस्त्यावर वारा लागतो म्हणून कळलं नाही, घाटात ट्रकमागे वाराच नव्हता. शिवाय दोन वर्षं मी कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी ओतत आलो होतो, त्याने आत क्षार धरले होते. गंमत बघ, आपल्या नळाचं पाणी म्हणजे जलूदहून पंपांनी चढवून आणलेली नर्मदाच. ती घाट रोज चढते, माझी गाडी चढली नाही.

तू निघण्यापूर्वी एक कर. गाडी जागेवर चालू ठेव, एसी लाव, बोनट उघड आणि पंखा फिरतोय का बघ. हात लांब ठेव. कूलंट गार इंजिनवर तपास, लागलं तर तयार कूलंट घाल किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. रबरी पाइप दाबून बघ, भेगा असतील तर बदल. आणि बिजासनला पहाटे पोचशील असं निघ.

आत्याही येणार आहे मुंजीला. गाडीचा विषय तू काढू नकोस, ती काढेलच.

तुझा,
मन्या